बेटावर अडकायचंय? मग जहाज किनाऱ्याजवळ फोडा

निर्जन बेटावर अडकायचा बेत असेल, तर निघण्याआधी डॅनियल डिफोची १७१९ सालची 'रॉबिन्सन क्रुसो' ही कादंबरी वाचून घ्या. पुढच्या बहुतेक बेटवाल्यांनी तिथूनच उचललंय, तुम्हीही लाजू नका.

पहिली काळजी जहाजाची. भर समुद्रात बुडालं की कादंबरी आटोपली. ते पोहून गाठता येईल इतकं जवळ रुतायला हवं. बाकीची माणसं सगळी बुडवा, माल मात्र कोरडा ठेवा. बंदुकीच्या दारूची तीन पिंपं असतील तर एक भिजू द्या. तेवढ्यावर वाचकाचा विश्वास बसतो. मग निवांत खरेदीला लागा. क्रुसोनं तेरा दिवसांत अकरा फेऱ्या मारल्या: तांदूळ, तीन डच चीज, सुताराची पेटी, धारेचा दगड, दोन मांजरं. कुत्रा आपला आपण पोहत आला.

एक पथ्य पाळा. कपडे काढून पाण्यात शिरलात असं लिहिलं असेल, तर जहाजावर पोचताच खिशात बिस्किटं कोंबू नका. डिफोनं कोंबली, आणि अंगात तुमान होती हे मागाहून सांगत बसावं लागलं.

बाराव्या फेरीत पैसे सापडतील, साधारण ३६ पौंड. त्यांच्यापुढे उभं राहून भाषण ठोका: या ढिगापेक्षा एक सुरी मोलाची! भाषण संपलं की पैसे कापडात गुंडाळून घेऊन या.

आता अपयश. हाताला येईल ते जमत गेलं तर वाचक जांभया देईल, म्हणून एकदा तरी सपशेल फसा. त्यासाठी होडीसारखी सोय नाही. बुंध्याशी पावणेसहा फुटांहून जाड देवदार निवडा. पाडायला २० दिवस, फांद्या छाटायला १४, बाहेरून आकार द्यायला महिना, आतून कोरायला जवळजवळ तीन महिने. सव्वीस माणसं बसतील अशी होडी झाली, की मगच पाण्याकडे बघा. शंभरेक यार्डांवर आहे, आणि मध्ये चढ. चढ खणून काढा. होडी तरीही हलणार नाही. मग पाणीच इकडे आणू म्हणून कालव्याचं माप घ्या: वरच्या टोकाला २० फूट खोल, एकट्याला दहा-बारा वर्षं. हा हिशेब झाड तोडण्याआधी करायचा नसतो.

वाळूत पाऊल एकच उमटवा. दुसरं कुठे गेलं, यावर वाचक तीनशे वर्षं भांडत बसतील. आपण गुहेत शिरून तीन दिवस बाहेर पडू नये.

सोबतीला कुणी मिळालाच, तर त्याचं नाव विचारू नका. ज्या वारी वाचवला त्या वाराचं नाव ठेवा, आणि आपलं नाव 'मालक' आहे असं शिकवा. गुलाम आणायला निघालेल्या जहाजातूनच आपण इथवर पोचलो, हे त्या वेळी आठवायची गरज नाही.

सुटका २८ वर्षं, २ महिने, १९ दिवसांनी. बकऱ्याच्या कातड्याची टोपी, छत्री आणि पोपट घ्या. ते गुंडाळलेले पैसेही घ्या. काळे पडले असतील, घासले की चालतात. शिवाय निघण्यापूर्वी ब्राझीलमध्ये एक मळा करून ठेवलेला असावा. क्रुसो परतला तेव्हा त्याचे पाच हजार पौंडांहून जास्त साठले होते.