अंगणातला दरवाजा आणि तुमचा राग

दादा, घरच्या अंगणात गाडीचा दरवाजा मी कसा रंगवला, त्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "अंगणात गन फिरवून गाडी रंगत नसते. तुम्ही चार पैसे वाचवता आणि बिघडलेलं काम शेवटी आमच्याच दारात येतं," असं तुम्ही लिहिलंत. वीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या माणसाचा हा राग आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माझी चूक. लेखात मी लिहिलं होतं की पीयू (पॉलीयुरेथेन, हार्डनर मिसळून मारायचा गाडीचा रंग) मारताना तोंडाला रुमाल बांधला तरी भागतं. ते साफ चुकीचं आहे. पीयूच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक करणाऱ्या द्रवात, आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याची फवारणी छातीत गेली की दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे थोडंसंही सोसत नाही. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असंही नसतं. चांगल्या बूथमध्ये (रंगकामाच्या बंद खोलीत) नळीतून स्वच्छ हवा येणारा मास्क घालतात तो यासाठीच. आमच्या अंगणात शेजारीच गोठा, लेकरं खेळतात. घरी पीयू नकोच. ते वाक्य काढून टाकलंय. मी स्वतः डब्यातला साधा स्प्रे वापरला होता, पण वाचणाऱ्याला ते कसं कळणार?

आता जिथे तुमचं पटत नाही ते. माझी गाडी पांढरी पिकअप, साधा पांढरा, मेटॅलिक नव्हे. दरवाज्याची खालची कड गंजली होती. गंज बाहेरून लागलाच नव्हता. दरवाज्याच्या तळाशी पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती आपल्या काळ्या मातीनं बुजली होती. पावसाळाभर पाणी आतच साचलं. मी तारेनं भोकं मोकळी केली, चमकतं लोखंड दिसेपर्यंत घासलं, मग पुट्टी, प्रायमर, ४०० चा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर), शेवटी रंग. रंगाला अर्धा तास, घासायला दोन दिवस. गॅरेजला हेच काम दिलं असतं तर भोकं कुणी उघडली असती की नाही, सांगता येत नाही. (तुम्ही उघडता, असं धरून चालतो.)

मेटॅलिक असती तर मी हात लावला नसता. त्यातले ॲल्युमिनियमचे कण कसे बसतात ते गनचं अंतर आणि हाताचा वेग ठरवतो. रंगाचा कोड तोच असला तरी दरवाजा एका बाजूने उजळ, दुसऱ्या बाजूने काळपट दिसतो. तुम्ही शेजारच्या पॅनेलवर रंग विरवत नेता, ती कसब अंगणात येत नाही.

आणि हवामान, बावा! मे महिन्यात पत्रा असा तापतो की थिनर वाटेतच उडतो आणि रंग खरखरीत बसतो. पोळ्याच्या ओल्या हवेत लॅकर (थिनर उडून सुकणारा रंग) पांढरट पडतो. दिवाळीनंतर कापूस निघाला की जिनिंगच्या आसपास तंतू उडतात, ते नेमके ओल्या रंगावर येऊन बसतात. मी फेब्रुवारीत, दव सुकल्यावर आणि वारा सुटायच्या आधी मारला. तरी दोन तंतू चिकटलेच. १५०० च्या पेपरनं घासून कंपाउंड (चकाकी आणणारी पेस्ट) लावावं लागलं.

मागचं फाळकं अजून बाकी आहे, त्याला मोठी खोच आहे. ठोकून सपाट करणं मला जमत नाही, ते तुमच्याकडेच आणतो. कापसाच्या दिवसांत तुम्ही ते तंतू कसे आवरता, तेवढं मात्र लिहा.