फोनच्या कोपऱ्यातली ती किल्ली

एप्रिलमध्ये, ऐन सीझनला, बाबांनी आंबे उतरवायचा झेला चिऱ्याच्या भिंतीला टेकवला आणि फोन माझ्या हातात दिला. "गो बाय, बँकेचा ॲप उघडत नाय." पुण्याच्या गिऱ्हाइकाचे तीन पेट्यांचे पैसे आले का, ते बघायचं होतं. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत बॅटरीशेजारी एक बारीक किल्ली दिसली. अँड्रॉइडवर व्हीपीएन, म्हणजे फोनचं इंटरनेट दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरमधून फिरवून नेणारी बंद वाट, चालू असला की ती दिसते, आणि काही बँकांची ॲप मग उघडतच नाहीत. शिमग्याला आलेल्या भाच्याने आजोबांचा फोन "सेफ" राहावा म्हणून एक फुकटचं व्हीपीएन ॲप टाकून दिलं होतं. पोराचा हेतू चांगला होता. पण महिनाभर बाबांचं सगळं इंटरनेट कुणाच्या हातून जात होतं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

देवगडकरांना पेटीच्या भाषेत सांगते. बँकेची किंवा कुठलीही https वेबसाइट म्हणजे खिळे ठोकून बंद केलेली पेटी. गाडीवाल्याला, म्हणजे इंटरनेट देणाऱ्याला, आतले आंबे दिसत नाहीत, वरचा पत्ता मात्र दिसतो. व्हीपीएन लावला की ती पेटी एका दलालाच्या मोठ्या खोक्यात जाते आणि गाडीवाल्याला फक्त दलालाच्या गोदामाचा पत्ता कळतो. पण गोदामात खोकं उघडतं आणि तिथे सगळे पत्ते दिसतात. म्हणजे तुम्ही विश्वास काढून घेत नाही, तो एकाकडून दुसऱ्याकडे देता. इंटरनेटवाला निदान तालुक्यातला असतो, त्याच्या दारात जाऊन विचारता येतं. फुकट ॲपवाला कोण आणि कुठला?

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाहीये. फेसबुकने 2013 मध्ये ओनावो नावाची कंपनी घेतली आणि तिच्या व्हीपीएनमधून लोक कुठली ॲप किती वापरतात, ते पाहिलं. 2018 मध्ये ॲपलच्या स्टोअरवरून ते ॲप काढावं लागलं. त्याहून वाईट म्हणजे 2024 मध्ये अमेरिकेने मोडून काढलेलं '911 एस5' हे जाळं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन असली फुकट ॲप लोकांनी कॉम्प्युटरवर घेतली आणि त्यांच्या घरचं कनेक्शन गुन्हेगारांना भाड्याने दिलं गेलं. 1.9 कोटींहून जास्त आयपी पत्ते, म्हणजे कनेक्शनचे इंटरनेटवरचे पत्ते! गुन्हा करणार तिसराच, आणि माग काढत येणार तुमच्या दारात.

पैसे देऊन चांगल्या कंपनीचा व्हीपीएन घ्यायला माझी हरकत नाही. एसटी स्टँडच्या किंवा लॉजच्या वायफायवर तो उपयोगी पडतो. पण 'आरटीओ चलान' नावाने फसवायला पाठवलेली एपीके फाईल, म्हणजे स्टोअरबाहेरून येणारं ॲप, व्हीपीएनमधूनही तितक्याच सुखरूप येते, आणि तुम्ही स्वतः सांगितलेला ओटीपी कुठलाही व्हीपीएन परत आणत नाही.

घरच्या सुरक्षेचं म्हणाल तर आधी पडवीत बघा. जाड चिऱ्याच्या भिंतीतून सिग्नल नीट जात नाही म्हणून राउटर पडवीत टांगलेला असतो, वायफायचा पासवर्ड दरवाजाच्या मागे खडूने लिहिलेला असतो आणि राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड बसवून गेलेल्या पोराने ठेवलेला 'admin'च असतो. आमच्याकडेही हेच होतं. तो बदलायला मला दहा मिनिटं लागली.

आणि आपल्याकडे व्हीपीएनचा खरा उपयोग आहे तो बंद घरांना. वाडीतली कितीतरी घरं गणपतीलाच उघडतात. चाकरमानी मुंबईतून बघता यावं म्हणून खळ्यात कॅमेरा लावतात आणि बसवणारा त्यासाठी राउटरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, सरळ इंटरनेटला उघडून देतो. 2016 च्या मिराई नावाच्या व्हायरसने असेच कंपनीचा पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले होते.

डोंबिवलीच्या दादासाठी मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर टेलस्केल नावाचं व्हीपीएन ॲप टाकलं. ते वायरगार्ड या व्हीपीएनच्या तंत्रावर चालतं, घरगुती वापराला फुकट आहे, आणि पोर्ट उघडावं लागत नाही. त्याच्या फोनपासून आमच्या घरापर्यंत खाजगी वाट. इथे दलालाच्या गोदामात खोकं उघडत नाही, ते थेट आपल्याच घरात उघडतं. पावसात लाईट गेली की वाट बंद, हे खरं. पण आता खळ्यात वाळत घातलेल्या आमसुलांवर कोंबड्या आल्या की दादाचा फोन येतो. आणि त्याच्याही फोनच्या कोपऱ्यात ती किल्ली असते, फक्त ती आमच्या घराची.