केळ्यातलं सेरोटोनिन मेंदूत पोचत नाही

‘आनंदाची चार हार्मोन्स’ हा संदेश आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यंदा तिसऱ्यांदा आला. डोपामिन, सेरोटोनिन, एंडॉर्फिन, ऑक्सिटोसिन. प्रत्येकाला एकेक काम नेमून दिलेलं आणि ते वाढवायचा एकेक घरगुती उपाय. केळं खा, काम उरकून स्वतःला शाबासकी द्या, पोट धरून हसा, घरच्यांना मिठी मारा. शेवटी ठळक अक्षरांत: ही चार हार्मोन्स भरपूर असतील तर डिप्रेशनची गोळी लागणारच नाही. केळी, हसणं, मिठ्या यांना माझी काही हरकत नाही. हरकत आहे ती त्यांना चिकटवलेल्या शरीरशास्त्राला, आणि त्या शेवटच्या ओळीला तर फारच.

मुळात ‘हार्मोन’ हा शब्दच इथे सरसकट वापरलाय. हार्मोन, म्हणजे संप्रेरक, ग्रंथी रक्तात सोडते आणि ते लांबवर जाऊन काम करतं. इन्सुलिन, थायरॉइडचं संप्रेरक ही त्याची उदाहरणं. न्यूरोट्रान्समीटर म्हणजे चेतापेशी सोडते तो रेणू; त्याचा प्रवास एका चेतापेशीच्या टोकापासून समोरच्या पेशीपर्यंत, मधली फट साधारण २० नॅनोमीटरची. डोपामिन आणि सेरोटोनिन मनावर जो काही परिणाम करतात तो मेंदूतल्या अशा फटींमधून. नस असं रसायन सोडते हे दाखवणारा, शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी ऑस्ट्रियात ग्राझला केलेला प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला. बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस नस (मेंदूकडून हृदयाकडे येणारी) चेतवली, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. द्रावणात होतं अ‍ॅसिटिलकोलिन. गंमत अशी, की हाच रेणू दंडाच्या स्नायूला आकुंचन पावायला लावतो. रेणूत ‘मंद हो’ किंवा ‘जोर लाव’ असा निरोप नसतो. समोरच्या पेशीवर कुठला रिसेप्टर, म्हणजे रेणू पकडणारं प्रथिन, बसलाय त्यावर अर्थ ठरतो. तिथे ‘आनंदाचा रेणू’ कुठून आणायचा?

आता केळं. केळ्यात सेरोटोनिन असतं, हे खरंच आहे. इतकं, की कार्सिनॉइड नावाच्या गाठीचा संशय असताना सेरोटोनिनपासून बनणारा पदार्थ लघवीत मोजतात, तेव्हा आधी काही दिवस केळी, अननस, अक्रोड बंद ठेवायला सांगतात, नाहीतर आकडा फुगतो. म्हणजे केळ्यातलं सेरोटोनिन शेवटी जातं लघवीत. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातलं सेरोटोनिन आत शिरत नाही. मेंदू आपलं आपण तयार करतो, ट्रिप्टोफॅन या अन्नातल्या अमिनो आम्लापासून.

मग कुणीतरी म्हणतंच, ‘पण ९० टक्के सेरोटोनिन पोटात असतं ना! पोट साफ तर मन प्रसन्न.’ आकडा साधारण बरोबर आहे. पण पोटातलं सेरोटोनिन पोटातली कामं करतं: आतडी हलवतं, प्लेटलेट्समधून फिरून जखमेचं रक्त थांबवायला मदत करतं. केमोथेरपीनंतर आतड्यातून ते भसकन सुटतं आणि माणूस ओकून ओकून बेजार होतो. त्यावर देतात ते ऑन्डॅनसेट्रॉन सेरोटोनिनचाच एक रिसेप्टर अडवतं. आनंदाची वाट अडवली, म्हणून उलटी थांबली!

डोपामिनची गोष्ट आपल्याकडून सुरू होते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरच्या सर्पगंधेचा अनुभव ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला. पुढे त्या मुळीतलं रिसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि स्वीडनमध्ये अर्विड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास ते सशांना दिलं. ससे जागच्या जागी लोळागोळा झाले. सेरोटोनिन वाढवणारा पदार्थ टोचून पाहिला, फरक पडला नाही. डोपामिन ज्यापासून बनतं ते लेव्होडोपा टोचलं, आणि ससे उठून फिरायला लागले. पार्किन्सनच्या रुग्णांना आजही लेव्होडोपाच देतात. म्हणजे डोपामिन आधी हालचालीचं. आयसीयूत रक्तदाब टिकवायला शिरेतून डोपामिन देतात, त्याने कुणी खुशीत आलेलं नाही.

सुखाशी त्याचा संबंध आहे, पण वाकडा. माकडांवरच्या प्रयोगांत फळांचा रस अवचित मिळाला की डोपामिनच्या पेशी चेतायच्या. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या दिव्यालाच चेतू लागल्या, रसाला नाही. दिवा लागूनही रस आला नाही, तर गप्प झाल्या. हे चव घेणं नव्हे, ही वाट पाहणं आहे. पार्किन्सनच्या काही औषधांनी काही सरळमार्गी माणसांना जुगाराचा नाद लागतो, तो यातूनच. त्यामुळे ‘डोपामिन डिटॉक्स’ म्हणून दिवसभर मोबाइल बाजूला ठेवलात तर उत्तमच, मात्र त्याने मेंदूतलं डोपामिन ‘धुऊन’ निघत नाही.

एंडॉर्फिनबद्दल एवढंच: पळाल्यानंतरची धुंदी त्याचीच, असं म्हणतात. पण त्याचे रिसेप्टर औषधाने बंद करून माणसांना पळवून पाहिलंय, धुंदी तरीही आली.

ऑक्सिटोसिन गोठ्यातल्या माणसाला चांगलं ठाऊक असतं, फक्त तो त्याला पान्हा म्हणतो. वासरू ढुशी मारतं, गाय पान्हावते, ते याच संप्रेरकामुळे. वासरू मेलेल्या म्हशीला इंजेक्शन देऊन दूध उतरवायचा गैरप्रकारही जुनाच. दूध उतरतं, पण टोचणाऱ्यावर म्हशीची माया जडत नाही.

राहिली शेवटची ओळ. डिप्रेशन म्हणजे सेरोटोनिनचा तुटवडा, याला सातत्याने आधार सापडत नाही, असं २०२२ मध्ये जुन्या संशोधनाच्या मोठ्या आढाव्यात दिसलं. गोळी घेतल्यावर फटीतलं सेरोटोनिन काही तासांतच वाढू लागतं, मन सावरायला मात्र काही आठवडे जातात. टाकी भरण्याइतका हा सोपा मामला असता तर असं झालं नसतं. पण म्हणून गोळी निरुपयोगी ठरत नाही. ती कित्येकांना उपयोगी पडते हे चाचण्यांमधून कळलंय, तुटवड्याच्या सिद्धांतातून नाही. संदेश वाचून ती एकदम सोडली, तर चक्कर, झोपमोड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके असा त्रास होऊ शकतो. सोडायचीच असेल, तर ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू.