उन्हाची सवय वेगळी, उन्हात पळायची वेगळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

कडक उन्हातल्या ट्रायथलॉनवरच्या (आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं, सगळं एकापाठोपाठ) लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे. म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं : "आम्ही पंचेचाळीस अंशांत वाढलेली माणसं भो, आम्हाला 'चौदा दिवस उन्हाची सवय लावा' सांगणं म्हणजे मेहरूणच्या माणसाला बोरं ओळखायला शिकवणं. भर उन्हात पाणी बेताने प्या म्हणता, एखाद्याचा जीव जाईल. घाम वाहतोय तोवर ऊन लागत नसतं. आणि लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ घालून बघा, घोट घशाखाली उतरत नाही." शेवटी हेही लिहिलंत की पुण्यात एसीत नोकरी करणारा भाचा पहिल्यांदाच ऑलिंपिक अंतराची शर्यत करायला खानदेशात येतोय. म्हणजे दीड किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० पळणं.

मिठाचं आधी, कारण तिथे चूक माझी आहे. चमचा कोणता ते लेखात लिहायला हवं होतं. चहाच्या सपाट चमच्यात साधारण सहा ग्रॅम मीठ मावतं, पोह्याच्या चमच्यात त्याहून जास्त. लागतं लिटरला दीड ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाव हिस्सा. चिमटीवर भरवसा नको. किराणा दुकानात ३० ग्रॅम मीठ तोलून घ्या, घरी त्याच्या वीस सारख्या पुड्या बांधा, लिटरला एक पुडी. सोबत ६० ग्रॅम साखर आणि अर्धं लिंबू. दीड ग्रॅम मिठातून सोडियम मिळतं जेमतेम ६०० मिलिग्रॅम. घामातून लिटरमागे ५०० पासून १८०० पर्यंत जातं, माणसागणिक फरक पडतो. ज्याच्या टोपीवर आणि बनियनवर वाळल्यावर पांढरे पट्टे उमटतात त्याने दोन पुड्या टाकाव्यात. मिठाच्या महागड्या गोळ्या गावात मिळत नाहीत ही तुमची तक्रार खरी, पण त्यांच्यावाचून काही अडत नाही.

ओआरएसबद्दल दोघांनी विचारलं होतं. लिटरच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. मिश्रण जुलाबासाठी बनलेलं आहे; मीठ भरपूर, साखर मात्र इतकी कमी की ४० किलोमीटर सायकल तिच्यावर निघत नाही. शर्यतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर पोटात जायला हवी. आणि लिटरची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका, दाट झालं की पोट ढवळतं आणि पळताना सगळं बाहेर येतं. रावेर-सावद्याचं केळं जरूर खा, एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट आणि साखर असते, सायकलवर सोलून खायला सोपं. पण त्यात सोडियम जवळजवळ नाही. मिठाचं काम केळ्याकडून होणार नाही. खिशातला कांदाही राहू द्या, तेवढंच वजन.

आता सवयीचं. आपल्याकडे मेमध्ये माणूस पहाटे शेतात जातो, दहा-अकराच्या आत निंबाखाली येतो आणि चारनंतर पुन्हा उठतो. डोक्याला रुमाल, पाण्याचा माठ सोबत. ही सवय ऊन चुकवायची आहे, आणि ती शहाणपणाची आहे. शर्यतीत नेमकं तेच करता येत नाही. शिवाय बाहेरच्या उन्हापेक्षा आतली आग मोठी असते. ७० किलोचा माणूस तासाला दहा किलोमीटरने पळतो तेव्हा तासाला साधारण ७०० किलोकॅलरी जळतात. त्यातल्या साडेपाचशेच्या आसपास नुसती उष्णता होते. त्याच्या अंगाचं तापमान एक अंशाने चढायला ५८ किलोकॅलरी पुरतात. म्हणजे उष्णता बाहेर पडलीच नाही तर दर सहा-सात मिनिटांना एक अंश. कातडी ३५ अंशांची आणि हवा ४० ची असेल तर हवा उष्णता घेत नाही, उलट देते. वाट उरते एकच, घाम वाळणं. लिटरभर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर ५८० किलोकॅलरी नेतो. टपकून डांबरावर पडलेला काहीच नेत नाही.

हेच कारण की सायकलवर बरं वाटतं आणि उतरलं की डोकं गरगरतं. सायकलवर ताशी तीसचा वारा घाम वाळवत असतो. पळायला लागल्यावर वारा तिसऱ्या हिश्श्यावर येतो, आणि तोवर ऊनही वर आलेलं असतं.

चौदा दिवसांत बदलतं ते हे : पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, त्यामुळे त्याच वेगाला नाडी कमी पडते. मग घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. हे सगळं उन्हात तासभर-दीड तास अंग तापवून काम केल्यावरच होतं. भुसावळला कूलरसमोर बसून दिवस काढणारा आणि पुण्याचा एसीवाला यात शरीराच्या लेखी फारसा फरक नाही. आणि मिळवलेली सवय दोन-तीन आठवडे उन्हात काम केलं नाही की बरीचशी ओसरते.

तुम्ही पंचेचाळीसचा आकडा अभिमानाने लिहिलात, पण शर्यतीला नुसता पारा बघून चालत नाही. डब्ल्यूबीजीटी नावाचं माप बघतात. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला २० आणि सावलीतल्या साध्या पाऱ्याला फक्त १०. हे गणित आपल्या हवेला लावून बघा. मेच्या दुपारी ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर उत्तर ३२ च्या आसपास येतं. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला, ऊन पडलं, पारा ३६ वर उतरला, आर्द्रता ५५ टक्के झाली, तर उत्तर ३३ च्या पुढे जातं. लोक म्हणतात "आज बरं आहे", आणि त्याच दिवशी घाम वाळत नाही. ३२.२ च्या वर जागतिक ट्रायथलॉन संघटनेच्या वैद्यकीय मार्गदर्शनात काळा झेंडा आहे, म्हणजे सगळ्यात धोक्याची पातळी. टोकियो ऑलिंपिकच्या आदल्या चाचणी शर्यतीत, ऑगस्ट २०१९ मध्ये, महिलांचं पळणं उन्हामुळे दहाचं पाच किलोमीटर केलं होतं, आणि त्या जगातल्या सगळ्यात तयार खेळाडू होत्या. मेच्या सकाळी सहाला आपल्याकडे हेच माप विशी-बाविशीत असतं. शर्यत सहाच्या आत सुरू होत नसेल तर आयोजकांना कारण विचारा.

पाण्याबद्दल. "बेताने" या शब्दाचा अर्थ कमी असा घेतलात, मला मोजून म्हणायचं होतं. भाच्याला हे करायला सांगा : लघवी करून, उघड्या अंगाने वजन करायचं, तासभर शर्यतीच्या वेगाने पळायचं, अंग पुसून पुन्हा वजन करायचं. ७०.० चं ६८.९ झालं आणि मध्ये ६०० मिलिलिटर प्यायला असेल, तर घाम तासाला १.७ लिटर. एवढं सगळं पिऊन भरून काढायला जाऊ नये. पळताना आतडी तासाला लिटरभरापलीकडे सहसा घेत नाहीत, बाकीचं पोटात खळखळत राहतं. सायकलवर ताशी ७०० ते ८०० मिलिलिटर, दर दहा मिनिटांना तीन-चार घोट. पळताना वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन-तीन घोट आणि उरलेला ग्लास डोक्यावर. वजन दीड-दोन टक्के उतरलं तर चालतं. वजन वाढलं तर मात्र घात. साधं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, बोटातली अंगठी घट्ट होते, पुढे झटके येतात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम खाली गेलेलं निघालं. जीव जाण्याची भीती तुम्हाला वाटली ती रास्त आहे, फक्त धोका दोन्ही बाजूंना आहे.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एकच वाक्य मी मुळीच सोडणार नाही : घाम वाहतोय तोवर ऊन लागत नाही. घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाला उष्माघात होतो तेव्हा अंग बहुधा कोरडं असतं, त्यावरून ही समजूत आली. पळणाऱ्याला उष्माघात होतो तेव्हा तो घामाने निथळत असू शकतो. बघायचं ते डोकं : असंबद्ध बोलणं, उगाच चिडणं, भेलकांडणं, "नंबर किती" विचारल्यावर छातीवरच्या कागदाकडे बघत राहणं. आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. कपाळावर किंवा काखेत लावलेला तापमापक इथे फसवतो, ओल्या कातडीवर तो ३८ दाखवेल; गुदद्वारातून घेतलेलं तापमानच खरं, आणि ते घ्यायला डॉक्टर नसेल तर आकड्यासाठी थांबू नये.

तिथे काय करायचं ते नीट लिहितो, कारण आपल्याकडच्या शर्यतींत रुग्णवाहिका असते आणि बर्फ नसतो. १०८ ला फोन लावा, पण गाडीत घालायच्या आधी थंड करा. बाथटब कुठून आणणार? कांद्यावर टाकतात ती जाड ताडपत्री घ्या. सावलीत अंथरून माणसाला मधोमध झोपवा, चौघांनी कडा मांडीपर्यंत उचलून धरायच्या, म्हणजे होडीसारखा खोलगट आकार होतो. एकाने डोकं आणि तोंड पाण्याबाहेर धरून ठेवायचं, ते काम त्याने मध्येच सोडायचं नाही. मग पाणी आणि फोडलेला बर्फ ओता आणि कडा हलवत राहा, कारण अंगाला चिकटलेलं पाणी लगेच कोमट होतं. १५० लिटर पाणी ३२ अंशांवरून १५ वर आणायला सुमारे २७ किलो बर्फ लागतो. गच्चीच्या टाकीतलं पाणी मेमध्ये याहून तापलेलं असतं, तेव्हा ४० किलो सांगून ठेवा. बर्फ कारखान्यातून लादीच येते, ती आधीच फोडून भुशात किंवा गोणपाटात गुंडाळून ठेवायची. ऐनवेळी लादी फोडत बसलं की दहा मिनिटं तिथेच जातात. बर्फाच्या पाण्यात तापमान पाच मिनिटांना साधारण एक अंश उतरतं. माणूस नीट बोलायला लागला, थरथरायला लागला की बाहेर काढा. सगळं अर्ध्या तासाच्या आत व्हायला हवं. काखेत आणि मानेवर बर्फाच्या पिशव्या ठेवणं याच्या पासंगालाही पुरत नाही. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. तापाची गोळीही नको, हा ताप तिने उतरत नाही.

भाच्यासाठी. तो बारा दिवस आधी येणार असेल तर पहिले चार दिवस संध्याकाळी पाचला पाऊण तास हळू, मग वाढवत दीड तासापर्यंत, शेवटचे दोन दिवस विश्रांती. दुपारी दोनला पाठवू नका. दोनच दिवस आधी येणार असेल तर त्या दोन दिवसांत उन्हात सराव करून काही मिळत नाही; वेग उतरवणं एवढंच हातात आहे. पुण्यात सहा मिनिटांनी किलोमीटर पळत असेल तर इथे पहिले तीन किलोमीटर साडेसहा ते पावणेसात. त्या आठवड्यात जुलाब किंवा ताप येऊन गेला असेल तर उतरूच नये. अंगदुखीची गोळी घेऊन तर मुळीच नाही, घटलेल्या पाण्यात ती मूत्रपिंडाला झोंबते. सर्दीच्या काही गोळ्यांनी घाम कमी होतो, त्याही नकोत.

सायकलचं राहिलं. रात्री १०० पीएसआय भरून ती सकाळभर उन्हात टांगली तर टायर तापून दाब १२-१३ ने चढतो. रिम टेप (चाकाच्या कड्यावर ट्यूबखाली असते ती पट्टी) जुनी असेल तर ट्यूब मग स्टँडवरच फुटते. ९० भरा. रस्त्याच्या कडेला सराटे असतात, दोन ट्यूब बरोबर ठेवा. बाटल्या आदल्या रात्री दोन तृतीयांश भरून गोठवा, सकाळी वरून तयार सरबत ओता. आणि ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहणं-सायकल-पळणं बदलायच्या जागी, सायकलखाली ओलं गोणपाट अंथरायला सांगा. पोहून आल्यावर नाही पोळत, पण नंतर सायकल टांगून बूट बदलताना डांबरावर अनवाणी पाय टेकवत नाही.