कापड उतरलं, फिल्म उरली

काल रात्री 'रनिंग फेन्स' पुन्हा पाहिली. मेझल्स बंधूंची ही डॉक्युमेंटरी सत्तरच्या दशकातली, जेमतेम तासाभराची. क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्याने १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवरून थेट समुद्रात उतरणारी पांढऱ्या नायलॉनची भिंत उभी केली होती. साडेपाच मीटर उंच, जवळपास ४० किलोमीटर लांब. राहिली फक्त १४ दिवस. तिच्यामागे ४२ महिने खपले होते.

फिल्ममध्ये ती भिंत मनसोक्त दिसते ती अगदी शेवटी. त्याआधी काय, तर परवानगीसाठीच्या सुनावण्या! अठरा सार्वजनिक सुनावण्या, ५९ जमीनमालक, ४५० पानांचा पर्यावरण अहवाल. गुरं पाळणाऱ्या लोकांशी क्रिस्टो आपल्या अडखळत्या इंग्रजीत बोलतोय, जान-क्लोद नेटाने बाजू मांडतेय. एका सुनावणीत तिथलीच एक बाई उठते आणि साध्या शब्दांत सांगते की मीसुद्धा कधीकधी खूप राबून स्वयंपाक करते, माझ्या मते तीही कलाच असते, आणि ती खाऊन संपून जाते. चार दिवसांत नाहीशी होणारी गोष्ट कला कशी, या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर मी कुठल्याच समीक्षकाकडून ऐकलेलं नाही. प्रत्येक वेळी तिथे माझा गळा दाटून येतो.

म्हणून अशा तात्पुरत्या कलाकृतींवरच्या हल्लीच्या फिल्म्सवर माझा राग आहे. पहिल्याच मिनिटाला ड्रोन वर जातो, खाली रंगांचा पट्टा, मागे व्हायोलिन. परवानगी कुणी दिली, विरोध कुणी केला, खांब कुणी रोवले, नंतर जागा कोणी साफ केली, यातलं काहीच कळत नाही. अशी कला थोड्या दिवसांचीच असते. तिथे जाऊ न शकलेल्या माणसाला ती फिल्ममधूनच भेटणार. मग फिल्मवाल्यांवर जबाबदारी किती मोठी! नुसती सुंदर दृश्यं देऊन त्यांची सुटका नाही.

वाईट घडलेलंही सांगायलाच हवं. १९९१ मध्ये याच जोडप्याने जपानमध्ये १,३४० निळ्या आणि कॅलिफोर्नियात १,७६० पिवळ्या अवाढव्य छत्र्या उभ्या केल्या. वाऱ्याने एक छत्री उखडली आणि पाहायला आलेली एक स्त्री जीवानिशी गेली. पुढे जपानमध्ये छत्र्या उतरवताना विजेच्या तारेमुळे एक कामगार दगावला. मला क्रिस्टोंचं काम मनापासून आवडतं. तरीही त्या छत्र्यांबद्दल बोलताना ही दोन माणसं वगळली, तर ते खोटं बोलणं आहे असं मला वाटतं.

याहून अगदी वेगळ्या जातीची फिल्म म्हणजे थॉमस रीडलशायमर यांची २००१ ची 'रिव्हर्स अँड टाइड्स'. इथे परवानग्या नाहीत, फौजफाटा नाही. दगड, पानं, बर्फ अशा निसर्गातल्याच वस्तूंनी कलाकृती रचणारा ब्रिटिश शिल्पकार अँडी गोल्ड्सवर्दी, एकटा. कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर तो चपट्या दगडांचा शंकू रचतोय, खाली अरुंद, मध्ये फुगीर, वर पुन्हा निमुळता. चुना नाही, सिमेंट नाही. भरती चढत चाललेली. एक दगड ठेवतो, हात हळूच काढून घेतो, आणि सगळं खडखडत खाली येतं. पुन्हा रचतो, पुन्हा कोसळतं. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. तो चिडत नाही, नुसता उभा राहतो, श्वास सोडतो. मग एकदाचा शंकू टिकतो आणि पाणी त्याच्याभोवती चढत चढत त्याला पोटात घेतं. संपादकाने ते कोसळणं कापलं असतं, तर आपल्यासाठी तो शंकू म्हणजे एक छान फोटो झाला असता.

ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही, त्यांनी 'रिव्हर्स अँड टाइड्स'पासून सुरुवात करा. फोन बाजूला ठेवा, आवाज थोडा मोठा ठेवा. दगडावर दगड टेकल्याचा आवाज ऐकू यायला हवा.