‘कापड कुठलंही चालतं’ म्हणे!

परवा रात्री साडेदहाला निपाणीहून मावसभावाचा फोन. “दादा, आईचे जुने तोडे हाईत. धोतराच्या फडक्यात बांधून तेजाबाच्या पाण्यात सोडू काय? मोबाईलचा चार्जर हाय की.”

व्हॉट्सअ‍ॅपवरचं ते लांबलचक ज्ञान त्याच्यापर्यंत पोचलं होतं. घरच्या घरी चांदी शुद्ध करा. स्टीलचं पातेलं घ्या, नळाचं पाणी चालेल. पिशवीला कापड कुठलंही, सुती फडकं नाहीतर नायलॉनचे मोजे. चार्जर लावा, एका रात्रीत किलोभर चांदी. शेवटी पिशवी वाळवून गॅसवर जाळा, राखेत सोनं सापडतं. माझ्याकडे हे चौथ्यांदा आलं. बेळगावच्या शहापुरात मी हेच काम लहान प्रमाणात करतो, म्हणून आता लिहितोच.

आधी ते जाळणं. पिशवीतल्या तोड्यांना चार्जरची अधिक तार आणि पातेल्याला उणे तार लावली की तोड्यातली चांदी पाण्यात उतरते आणि पातेल्याला रवे होऊन धरते. सोनं असलंच तर विरघळत नाही, काळ्या गाळात पिशवीतच राहतं. इतपत मेसेज खरा आहे. पण ती पिशवी सिल्व्हर नायट्रेटने, म्हणजे नायट्रिक तेजाबात विरघळलेल्या चांदीच्या क्षाराने, चिंब झालेली असते. पूर्वी तोफेची वात शोऱ्यात भिजवून वाळवायचे, विझू नये म्हणून. शोरा म्हणजे नायट्रेटच. तशी पिशवी वाळवून घरात गॅसवर धरायची! ती नुसती जळत नाही, फुरफुरत पेटते आणि तांबूस धूर सोडते. हा धूर लबाड असतो. हुंगल्यावर थोडा खोकला येतो, माणूस जेवून झोपतो आणि कित्येक तासांनी फुप्फुसात पाणी होऊन श्वास लागतो. मेसेज लिहिणाऱ्याने हे स्वतः केलेलं नाही, पैजेवर सांगतो. गाळ ओला असतानाच डिस्टिल्ड पाण्याने धुऊन काढायचा. जाळायचं काही नाही.

आता कापड. नायलॉन तेजाबाला टिकत नाही. पाणी अगदी पातळ असेल तर काही तास तग धरतो. मी सुरुवातीला हा शहाणपणा करून पाहिलाय. सकाळी मोजा शिवणीपाशी विरला होता आणि रात्रभर जमलेल्या पांढऱ्याशुभ्र रव्यांवर काळा गाळ सांडलेला. सगळं पुन्हा आटवावं लागलं. सुती कापडाबद्दल मात्र नाइलाजाने मान्य करतो : जुन्या रिफायनऱ्यांत तेच वापरायचे. पण ते कुजतं म्हणून सारखं बदलायचे, हे मेसेजमध्ये नाही. शाळेच्या युनिफॉर्मचं टेरिकॉट तर फसवं, त्यातलं सूत झिजतं आणि उरते ती चाळणी. अस्सल पॉलिस्टर चालतं. आजोबांचा टेरिलीनचा शर्ट असेल तर उत्तम. सगळ्यात बरं म्हणजे कारखान्यात गाळ गाळायच्या यंत्राला (फिल्टर-प्रेसला) लावतात ते पॉलिप्रॉपिलीनचं घट्ट विणीचं कापड. आधी तुकडा त्याच पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवावा, मग ओढून बघावा.

आमच्याकडे नळाचं पाणी राकसकोपच्या तलावाचं असो की हिडकलच्या धरणाचं, त्यात क्लोराईड असतंच. त्याने चांदीचं पाणी दुधासारखं होतं. डिस्टिल्डच हवं. स्टीलचं पातेलं चालतं, ते परत स्वयंपाकघरात नेऊ नका म्हणजे झालं.

राहिली किलोभर चांदी. किती विजेने किती धातू बसतो हा फॅरडेचा हिशोब व्हॉट्सअ‍ॅपला विचारून बदलत नाही : एका अँपिअरने एका तासात जास्तीत जास्त ४.०२ ग्रॅम चांदी बसते. दोन अँपिअरचा चार्जर दहा तास चालवला तर ऐंशी ग्रॅम. किलोला पाच दिवस-रात्री लागतील, तेही रवे बाभळीच्या काट्यांसारखे वाढून पिशवीत घुसले नाहीत आणि शॉर्ट झालं नाही तर. त्याच हिशोबाने दुसरी गोम : तोड्यातलं एक ग्रॅम तांबं विरघळलं की तेवढ्याच विजेने पातेल्यावर चांदी बसते, म्हणून पाण्यातली सुमारे ३.४ ग्रॅम चांदी कमी होते. पाणी निळं होत जातं आणि पुढे तांबंही चांदीबरोबर बसायला लागतं. तोड्यात तांबं किती, हे टंच काढल्याशिवाय, म्हणजे शुद्धता तपासल्याशिवाय, कळणार कसं?

भावाला म्हटलं, रविवारी तोडे घेऊन शहापूरला ये, आधी टंच काढू. आणि मावशीला विचारलंस का? तर म्हणे, “तिला अजून सांगितलं नाही.”