पंगत उठली, आता कागदाचं काय?

निर्वासित म्हटलं की गावातली कमिटी आधी पंगत बसवते. मसालेभात, बुंदी, फोटो. बुद्धविहार असो, देऊळ असो, मशीद असो का चर्च, वाढायला आपण कमी पडत नाही. पण परदेशातून आलेल्या माणसाचं घोडं अडते ठाण्यात, शाळेत अन् बँकेत. माझं मत स्पष्ट आहे: देवळा-विहाराच्या ट्रस्टनं आधी हे कागदांचं काम अंगावर घ्यावं, जेवण नंतर.

विदर्भाला हे काही नवीन नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाल्यांची गावंच्या गावं आहेत.

पहिलं पाहायचं, माणसाकडे कागद कोणता. तिबेटी असला तर आरसी, म्हणजे परदेशी म्हणून नोंदणी झाल्याचं प्रमाणपत्र. पाकिस्तानातून आलेला हिंदू असला तर बहुधा दीर्घ मुदतीचा व्हिसा. अफगाण किंवा म्यानमारचा असला तर दिल्लीच्या यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे नुसत्या त्या कार्डावर राहण्याचा कायदेशीर परवाना मिळत नाही. विहारात एक रजिस्टर ठेवा: नाव, कागदाचा नंबर, मुदत कधी संपते. हिवाळ्यात स्वेटर विकायला तिबेटी कुटुंब बाहेरगावी जाते अन् तारीख तिकडंच उलटते, म्हणून दिवाळीआधीच रजिस्टर चाळा. नावाचा घोळ तर ठरलेला. तिबेटी नावाला आपल्यासारखं आडनाव नसते. एका फॉर्मवर ‘तेन्झिन’ नावाच्या रकान्यात, दुसऱ्यावर आडनावाच्या. पुढं बँक म्हणते, ही दोन माणसं आहेत. आरसीवर जसं आहे तस्संच सगळीकडे लिहायचं, स्पेलिंगसकट.

धर्मशाळेत परदेशी माणूस मुक्कामी ठेवला तर २४ तासांच्या आत ऑनलाइन फॉर्म भरून नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागते. जिल्ह्यात हे काम एसपी ऑफिसकडे असते. ‘पाहुणा आहे, त्यात काय सांगायचं’ म्हणाल तर ठेवणाराही गोत्यात येतो. ज्याच्याकडे काहीच कागद नाही, त्याच्यासाठी आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. बायका, मुलं अन् कोठडीतला माणूस यांना तिथं वकील फुकट मिळतो. अन् ‘आधार काढून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा. खोट्या पत्त्यावरचं आधार पुढं खऱ्या अर्जालाही बुडवते.

शाळेचं त्या मानानं सोपं. ६ ते १४ वर्षांच्या पोराला वयाचा दाखला किंवा टीसी नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. तोंडी विनंती करू नका, लेखी अर्ज द्या अन् पोच घ्या.

नागरिकत्वाच्या २०२४ च्या नियमांत स्थानिक धार्मिक-सामाजिक संस्थेचा दाखला लागतो, म्हणजे तुमच्या लेटरहेडला खरंच वजन आहे. पण तो रस्ता पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांपुरताच. मुसलमान त्यात नाही, तिबेटी अन् म्यानमारचाही नाही. (मला हे पटत नाही, पण अर्ज आपल्या मतावर चालत नाही.) माणूस ओळखीचा नसेल तर दाखल्यावर सही करू नका.

परदेशातून कोणी देणगी देतो म्हणालं तर एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणीशिवाय एक रुपया घेऊ नका. गावातच पावती फाडा. एसटीचं भाडं, झेरॉक्स अन् पासपोर्ट फोटो, खर्च बहुतेक यातच होतो.